केटल घेऊ का? खेड्यातल्या घराचा पुरता हिशोब

मागच्या हिवाळ्यात दारव्ह्याच्या बाजारातून मी दीड लिटरची स्टीलची केटल आणली. आईनं ती उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "काहून आणली हे? गंज फुटला काय आपला?" गंज म्हणजे आमच्याकडचं चहाचं पातेलं. मी म्हटलं, यात चार मिनिटांत चहा होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी, दूध, पत्ती, साखर सगळं आत टाकून बटण दाबलं. चहा झाला नाही. झाकणाखालून फेस वर आला, तोटीतून उतू गेला आणि ओट्यावरून ओघळत थेट वायरपर्यंत पोहोचला. बुडाशी करपलेल्या दुधाचा तपकिरी थर बसला. तो निघाला, पण वास आठवडाभर गेला नाही.

दोष केटलचा नव्हता. केटल चहा करत नाही, ती पाणी उकळते. एवढं एक वाक्य दुकानात कुणी सांगितलं असतं, तर मी आधी घरी येऊन वही काढली असती.

तिच्या दांड्यात किंवा बुडाशी दोन धातूंची जोडपट्टी असते. पाणी उकळलं की वाफ एका बारीक वाटेनं त्या पट्टीपर्यंत जाते. दोन्ही धातू कमीजास्त प्रसरण पावतात, पट्टी वाकते आणि बटण खट्कन पडतं. सगळी हुशारी वाफेवर चालते. दूध मात्र वाफ नीट धरायच्या आतच फेसाळून वर येतं आणि तो फेस त्याच वाटेत शिरतो. शिवाय बूड थेट तापत असल्यानं दूध-साखर तिथंच करपते. झाकण उघडं राहिलं तर वाफ पट्टीपर्यंत जातच नाही आणि पाणी उकळत राहतं. म्हणून दूध, साखर, पत्ती, आलं यातलं काहीच आत टाकायचं नाही. आत फक्त पाणी, आणि वर झाकण बंद.

पहिलं काम: आठ दिवस वही

घरात रोज काय काय गरम होतं ते आठ दिवस लिहून काढा. दोन रकाने करा, एक दुधाच्या चहाचा, दुसरा नुसत्या गरम पाण्याचा. आंघोळीचं पाणी यात धरू नका, ते चुलीवर किंवा बंबावरच तापणार. दीड लिटरच्या केटलनं बादली भरायला निघालेला माणूस मी पाहिलाय. नऊ खेपा होतात, आणि पहिली खेप ओतली तिचं पाणी नवव्या खेपेपर्यंत कोमट होऊन जातं.

आमच्या वहीत दुधाचा चहा दिवसातून चार वेळा आला. नुसतं गरम पाणी तीन वेळा. पहाटे चारला आईला दमा उठतो तेव्हा प्यायला, सकाळी माझ्या लिंबूपाण्याला, आणि रात्री पोरगी अभ्यासाला बसते तेव्हा तिच्या कॉफीला. म्हणजे ज्या कामासाठी मी केटल आणली ते तिला येत नव्हतं, आणि जे येत होतं त्याचा मी विचारच केला नव्हता.

दुसऱ्या रकान्यात रोज दोन-तीन नोंदी येत असतील तर पुढे वाचा. महिन्यातून दोनदा सर्दी झाल्यावर वाफ घ्यायला पाणी लागतं, एवढंच असेल तर केटल घेऊ नका. गंज आहे.

कोऱ्या चहाच्या घरांची गोष्ट वेगळी. आपल्याकडे कितीतरी घरी दूध पाहुण्यापुरतंच येतं, रोज कोरा चहाच असतो. त्या घरी केटल खरंच कामाची. पेल्यात चमचाभर पत्ती, साखर, वाटलं तर ठेचलेलं आलं किंवा गवती चहाची पात टाकायची, वरून उकळतं पाणी ओतायचं, बशी झाकायची आणि दोन-तीन मिनिटांनी गाळायचं. आपली नेहमीची दाणेदार पत्ती उकळल्याशिवायही दोन मिनिटांत गडद रंग सोडते. पण गंमत बघा, ज्या घरात केटलचा चहा जमतो, नेमकं त्याच घरात केटल लावायला धड बोर्ड नसतो.

दुसरं काम: बोर्ड

हे काम दुकानात जायच्या आधी करायचं. मी नंतर केलं.

दीड लिटरची केटल बहुतेक 1500 वॅटची असते. 230 व्होल्टवर ती साडेसहा अँपिअर ओढते. आपल्या घरातली मोबाईल चार्जरची, टीव्हीची सॉकेटं 6 अँपिअरची. "अर्ध्या अँपिअरनं काय होते?" असं मलाही वाटलं होतं. होतं असं की जुन्या सॉकेटच्या पितळी पट्ट्या सैल झालेल्या असतात, पिन घट्ट बसत नाही आणि त्या सैल जागी उष्णता साचते. पंधरा दिवसांत माझं सॉकेट पिवळं पडलं, मग एक दिवस प्लास्टिक जळाल्याचा वास आला. जाड पिन बारीक सॉकेटात बसवायला जो कन्व्हर्टर मिळतो त्यानं पिन बसते, वायर जाड होत नाही. स्वस्त एक्स्टेंशन बोर्डाचीही तीच गत.

करायचं हे: स्वयंपाकाच्या ओट्याजवळ 16 अँपिअरचं एक सॉकेट, त्याला मेन बोर्डपासून वेगळी 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि स्वतःचं एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारं बटण. हा खर्च कधी कधी केटलपेक्षा जास्त होतो, तो हिशोबात धरा. उद्या मिक्सर, इंडक्शन, काहीही घेतलं तरी ते सॉकेट वाया जात नाही.

मग अर्थिंग. स्टीलच्या केटलला ते नसेल तर ती घरात आणूच नये. खेड्यात अर्थिंगची वायर भिंतीमागे जाते आणि कुठंतरी एका खिळ्याला गुंडाळलेली असते. खड्डा असला तरी आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते, खड्ड्याभोवतीचा ओलावा जातो आणि जानेवारीत चांगलं असलेलं अर्थिंग मे महिन्यात निकामी होतं. खड्ड्यात अधूनमधून पाणी टाकायची जुनी पद्धत खरी आहे. अर्थिंग आहे की नाही हे वायरमनकडून तपासून घ्या, तो फेज आणि अर्थ यांच्यामध्ये बल्ब लावून दोन मिनिटांत सांगतो. स्वतः करू नका. सोबत 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवलं तर उत्तम. गळती झाली की ते वीज तोडतं, एमसीबी त्यासाठी नसतं.

तिसरं काम: लाइन किती येते आणि कशी येते

कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, ही औष्णिक वीजकेंद्रं आपल्या विदर्भातच, दाराशी. तरी संध्याकाळी आपलाच बल्ब मेणबत्तीसारखा जळतो. गहू-हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसांत मोटारी सुरू झाल्या आणि डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, भार आला की व्होल्टेज पडतं.

केटलवर याचा परिणाम अंदाजापेक्षा जास्त होतो, कारण तिची ताकद व्होल्टेजच्या वर्गानं घटते. 230 चे 180 व्होल्ट झाले की 1500 वॅटची केटल 920 वॅटचीच उरते. 160 ला तर निम्म्याहून कमी. एक लिटर पाण्याला एरवी चार मिनिटं लागतात, 180 व्होल्टवर साडेसहा-सात, 160 वर नऊच्या आसपास. केटल बिघडत नाही आणि युनिटही फारसं जास्त जळत नाही. ती फक्त रेंगाळते. पण "चार मिनिटांत पाणी" म्हणून ती घेतली असेल तर हिरमोड होतो.

तुमच्या घरी किती व्होल्ट येतात ते मीटर सांगतं. त्याच्या तोंडावर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी बहुधा 3200 आणि 'इम्प' असं लिहिलेलं असतं. म्हणजे 3200 लुकलुकी झाल्या की एक युनिट. कुणाची 1500 वॅटची केटल मागून आणा, घरातलं बाकी सगळं, फ्रीजसकट, बंद करा, केटल लावा आणि मोबाईलवर वेळ लावून एक मिनिट लुकलुकी मोजा. 80 आल्या तर व्होल्टेज पुरतं 230. 60 आल्या तर 200 च्या जवळपास. 49 म्हणजे 180, आणि 39 म्हणजे 160. आकड्याला 18.75 नं गुणलं की केटल त्या घडीला किती वॅट घेतेय ते कळतं. मीटरवर 3200 ऐवजी 1600 असेल तर मोजलेला आकडा आधी दुप्पट करा. हे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सातला, दोन्ही वेळा करा. माझ्याकडे सकाळी 74 आल्या, संध्याकाळी 51.

शेतातल्या घरात राहणाऱ्यांनी आणखी एक बघावं. गावठाणाचं फीडर, म्हणजे वीज आणणारी लाइन, वेगळं, शेतीचं वेगळं. शेतीच्या फीडरवर थ्री फेज पाळीनं येते. चहाची तलफ पाळी बघून येत नाही.

इन्व्हर्टरवर केटल चालते का, हा हमखास येणारा प्रश्न. घरोघरी असतं ते 800-900 व्हीएचं इन्व्हर्टर जेमतेम 700 वॅट देतं. 1500 ची केटल लावली की ते ओरडून बंद पडतं.

आता पैसे

पाण्याचं गणित सरळ आहे. एक लिटर पाणी 25 अंशांवरून उकळायला सुमारे 0.087 युनिट उष्णता लागते, गळती धरून 0.1 युनिट. म्हणजे एका युनिटात दहा लिटर. हिवाळ्यात पाणी गार असतं तेव्हा थोडं जास्त, मे महिन्यात थोडं कमी.

गॅसच्या शेगडीवर तेच एक लिटर उकळायला साधारण साडेबारा ग्रॅम गॅस जातो. तोही झाकण ठेवून, आणि आच भांड्याबाहेर न काढता. 14.2 किलोच्या सिलेंडरमध्ये या हिशोबानं सुमारे 1100 लिटर पाणी उकळतं. यावरून मी एक सोपा ताळा काढलाय: सिलेंडरच्या किमतीला 110 नं भागा. जो आकडा येईल त्यापेक्षा तुमचं युनिट स्वस्त असेल तर केटल स्वस्त, महाग असेल तर गॅस स्वस्त. सिलेंडर 900 ला पडत असेल तर आकडा 8.20 रुपये. उज्ज्वलाची सबसिडी जमा होऊन तोच सिलेंडर 600 ला पडत असेल तर साडेपाच रुपये, आणि तिथं गॅसच जिंकतो.

युनिट कितीला पडतं हे बिलावरून काढताना एक चूक सगळेच करतात, एकूण रकमेला युनिटनं भागतात. स्थिर आकार आधी वजा करा, तो केटल असली-नसली तरी द्यायचाच आहे. उरलेल्या वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्काच्या बेरजेला युनिटनं भागा. बिल 100 युनिटच्या आत असेल तर हा आकडा चालेल. 100 च्या वर गेलेलं असेल तर केटलचं युनिट वरच्या टप्प्याच्या दरानं धरा, कारण ते वरच पडणार. आणि एक भीती काढून टाका. 100 ओलांडले की सगळंच बिल वरच्या दरानं येतं, असं पारावर सांगतात. तसं नाही. वरचा दर फक्त 100 च्या पुढच्या युनिटांना लागतो.

रोज दोन लिटर उकळलं तर महिन्याला सहा युनिट. दर काहीही धरा, बचत किंवा तोटा महिन्याला थोड्याच रुपयांचा. पैसे वाचवायला केटल घेऊ नका आणि पैशाला भिऊन टाळूही नका. ज्यांच्याकडे पऱ्हाट्या-तुराट्या घरच्या आहेत त्यांना तर सरपण फुकटच. पण पहाटे चारला दमेकरी माणसाच्या घरात पऱ्हाटीचा धूर करणं फुकट नसतं.

घ्यायचीच असेल तर

एकटं म्हातारं माणूस किंवा अभ्यासाची खोली यांच्यासाठी अर्ध्या लिटरची 600 वॅटची छोटी केटल घ्या. ती अडीच-पावणेतीन अँपिअरच ओढते, त्यामुळे चांगल्या स्थितीतल्या साध्या सॉकेटवर चालते. दोन कप पाणी पाच मिनिटांत होतं. खेड्यातल्या बऱ्याच घरांना खरं तर हीच पुरते, पण दुकानदार दीड लिटरची पुढे करतो आणि आपल्यालाही मोठी वस्तू घेतल्याचं समाधान हवं असतं.

मोठी घ्यायची तर आतून पूर्ण स्टील हवी, तापणारी कॉइल बुडाखाली लपलेली हवी आणि तोंड हात जाईल एवढं रुंद हवं. बाहेरून प्लास्टिकचं दुसरं आवरण असेल तर पोरासोरांच्या घरात बरं, हात भाजत नाही. आयएसआय चिन्हाखालचा सीएम/एल (परवाना) क्रमांक बीआयएस केअर या ॲपमध्ये टाकून पाहा, खरं-खोटं तिथंच कळतं. पैसे द्यायच्या आधी दुकानातच पाणी भरून एकदा उकळून घ्या. बटण आपोआप पडतं का, बुडाशी थेंब झिरपतो का, पाहा. ऑनलाइन शंभर-दोनशे स्वस्त मिळते, पण बिघडली तर सर्व्हिस सेंटर अमरावतीला नाहीतर नागपूरला. तालुक्याच्या दुकानातून शिक्क्याचं बिल घेऊन आणलेली मला परवडली.

दुधाचा चहाच करायचा असेल आणि गॅस टाळायचा असेल, तर केटलऐवजी इंडक्शन घ्या. त्यावर गंज ठेवता येतो (बूड सपाट आणि चुंबक चिकटणारं हवं), आच कमी करता येते, दूध डोळ्यासमोर असतं. बोर्डाची अट मात्र तीच.

आणि आमच्या वहीतल्या पहाटे चारच्या नोंदीचं उत्तर केटल निघालंच नाही. ते निघालं थर्मास. रात्री नऊला गॅसवरचं उकळतं पाणी स्टीलच्या थर्मासमध्ये भरून आईच्या उशाशी ठेवतो. पहाटे ते प्यायला बरं, म्हणजे चटका न बसता गरम असतं. अंधारात उठणं नाही, लाइन असो-नसो. भरण्याआधी थर्मास एकदा उकळत्या पाण्यानं विसळून घेतला की ऊब आणखी टिकते.

वापर आणि पांढरा थर

पहिल्या दिवशी दोनदा पाणी उकळून फेकून द्या. पाणी नेहमी वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये ठेवा. जास्त भरलं तर तोटीतून उकळी उडते, कमी भरलं तर कोरडी तापून आतलं संरक्षण तिला बंद करतं. तसं झालं तर पंधरा मिनिटं थंड होऊ द्या, मग पाणी घाला. लगेच गार पाणी ओतू नका. खालचं वायरचं बसकं पाण्यात बुडवायचं नाही, बाहेरून ओल्या फडक्यानं पुसायचं. काम झालं की पिन काढून ठेवा, मृगाच्या आधीच्या गडगडाटात तर नक्कीच. झाकण आणि तोटी झाकून ठेवा. पाल आत गेल्याचं उकळल्यावर कळण्यात अर्थ नाही.

बोअरचं किंवा विहिरीचं पाणी वापरणाऱ्यांच्या केटलला महिनाभरात आतून पांढरा थर धरतो. पाण्यातला विरघळलेला चुना उकळल्यावर घट्ट होऊन बुडाशी बसतो. विषारी नाही, पण तापायला वेळ लावतो आणि चहात भुकटी तरंगते. तारेच्या घासणीनं खरडू नका. लिटरभर पाण्यात दोन लिंबांचा रस किंवा दोन लहान चमचे लिंबूसत्व टाकून उकळा, अर्धा तास तसंच राहू द्या, ओतून द्या, मग साधं पाणी दोनदा उकळून फेका. आमच्याकडे हे महिन्यातून एकदा. आरओच्या कॅनचं पाणी वापरत असाल तर चार-सहा महिन्यांतून.

उकळलं म्हणजे पाणी शुद्ध झालं, हे अर्धंच खरं. जुलाबाचे, काविळीचे जंतू मरतात. पण अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं मीठ किंवा यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांमधलं फ्लोराईड उकळल्यानं जात नाही. उलट पाणी आटतं तेवढं ते दाट होतं. जिथं हातपंपाला लाल रंग मारलाय, तिथलं पाणी केटलमध्येही घालू नका.

केटलला हात लावल्यावर जराही मुंग्या आल्या तर हात काढा, मेन बंद करा, मग पिन उपटा. "ओल्या हातानं लागते तेवढं" म्हणून चालवून घेऊ नका. वायरमनला आधी अर्थिंग दाखवा आणि नंतर केटल. माझ्याकडे केटल ठणठणीत निघाली, अर्थिंगची वायर उंदरानं कुरतडली होती.